उथळ पाण्यातले नर्स शार्क

समुद्रात शार्क माशांचं मीलन डोळ्यांनी पाहायला मिळणं दुर्मीळच. फ्लोरिडाजवळची ड्राय टॉर्टुगास बेटं मात्र त्याला अपवाद आहेत. जेफ्री कॅरियर आणि हॅरल्ड प्रॅट या जीवशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकापासून तिथल्या नर्स शार्कवर पाळत ठेवली. उन्हाळ्यात, जूनच्या सुमाराला, हे मासे अगदी उथळ, नितळ पाण्यात जमतात.

नर मादीचा छातीजवळचा पर दातांत धरतो, तिला उलटी करून जरा खोल पाण्यात ओढू पाहतो. मादीला ते नको असेल, तर ती किनाऱ्यालगत वीतभर पाण्यात सरकते आणि पर वाळूत दाबून पडून राहते. बहुतेक वेळा नराचे प्रयत्न फसतात. म्हणजे इथे निवड मादीचीच म्हणायची!

कोण पुन्हा आलं, हे ओळखायला माशांना खुणेच्या पट्ट्या लावल्या. काहींच्या अंगावर ध्वनिसंकेत सोडणारी यंत्रं बसवली; समुद्रतळावरची ग्राहक-यंत्रं ते संकेत टिपतात. नर बहुधा दरवर्षी येतात, माद्या मात्र दर दोन-तीन वर्षांनी. एक शार्क तर २८ वर्षं याच जागी परतत राहिला. असल्या अभ्यासाला उपकरणांइतकीच चिकाटी लागते, हे उघड आहे.

पण डोळ्यांना सगळं दिसत नाही. पिल्लांची जनुकीय तपासणी केली, तेव्हा एकाच मादीच्या ३२ पिल्लांचे बाप निदान चार निघाले.