धम्मसेवेला वय नसते



सन २००२ साली विपश्यनाचार्य गोयंका गुरुजी ७८ वर्षांचे होते. त्या वयात ते आणि माताजी इलायचीदेवी परदेशात चार महिने धम्मचारिकेला निघाले. अमेरिका-कॅनडात तर मोटारीतच बिऱ्हाड! गाव आले की प्रवचन, ध्यान, पुन्हा रस्ता. शिकवण्याचे मानधन एक पैसा नाही. आणि माताजी गुरुजींच्या शेजारी बसत, हे ध्यानात ठेवा.

आम्ही गिरणी कामगार. साठी झाली की आपली माणसे ओट्यावर बसून दिवस मोजतात. परदेश राहू द्या, विहार तर गल्लीतच आहे! आजोबा-आजी दोघांनी मिळून रोज तासभर पोरांना त्रिशरण-पंचशील शिकवा. पण आजीला मागच्या सतरंजीवर नको, पुढे बसवा.

जयभीम! भवतु सब्ब मंगलम्!