थंडी, विस्तव आणि घरातले मूल

जालना जिल्ह्यात खोली गरम करणारी यंत्रे क्वचितच दिसतात. थंडीत इथे पाणी तापवतात आणि अंग शेकतात. त्यामुळे मुलांच्या भाजण्याचे मूळ चूल, बंब, बाळंतिणीची शेगडी, शेकोटी आणि पाणी तापवायचा विजेचा रॉड यांपाशी शोधावे लागते. या साऱ्यांत विस्तव किंवा कढत पाणी जमिनीलगत, रांगत्या मुलाच्या हाताशी असते. म्हणून हा प्रश्न आईच्या निष्काळजीपणापेक्षा घराच्या मांडणीचा अधिक आहे.

सर्वांत मोठा धोका आंघोळीच्या पाण्याचा. कढत पाणी आधी बादलीत ओतायचे आणि मग विसण घालायचे, अशी सर्रास रीत आहे. विसण आणायला मोरीबाहेर गेलेली बाई परतेपर्यंत मूल बादलीच्या काठाला धरून उभे राहते आणि तोल जातो. ६० अंश सेल्सिअसचे पाणी प्रौढाची त्वचादेखील सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. लहान मुलाची कातडी पातळ, त्याला तेवढाही वेळ लागत नाही. आधी गार पाणी आणि त्यात कढत, एवढी अदलाबदल हा धोका पुष्कळ कमी करते. रॉडच्या बादलीत भाजण्याला विजेच्या धक्क्याची जोड मिळते.

उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, गॅस खेड्यापाड्यांत पोहोचला. तरी सिलिंडर पुरवून वापरायचे म्हणून आंघोळीचे पाणी अनेक घरांत चुलीवरच तापते. कापसाच्या या पट्ट्यात जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. त्या भुर्रकन पेटतात, ठिणग्या उडवतात आणि त्यांची टोके चुलीबाहेर राहतात. मूल नेमके तेच टोक ओढते. शेकोटीचे भय दुसऱ्या दिवशीचे: वरची राख थंड दिसते, आत विस्तव असतो आणि अनवाणी पाय त्यात पडतो. बाजेखालच्या शेगडीने दुपटे पेटू शकते, आणि बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा हंगाम थंडीचाच असतो. तोडणीच्या ठिकाणी राहायची कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, आणि चूल तिच्या तोंडाशी. आईबाप पहाटेच फडात जातात आणि धाकट्याला सांभाळणारे भावंडही लहानच असते.

मुलाच्या शरीराचे प्रमाण वेगळे असते. प्रौढात डोके शरीराच्या पृष्ठभागाच्या सुमारे ९ टक्के, तर तान्ह्या बाळात सुमारे १८ टक्के असते. अंगाचा दहा टक्क्यांहून अधिक भाग भाजला, तर मुलाला शिरेतून द्रव द्यावे लागते.

प्रथमोपचार पाण्याचा. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ लावू नये. टँकरच्या गावात नळ नसला, तर हंड्यातले स्वच्छ पाणी तांब्याने सावकाश ओतत राहावे. अंगावर सूज चढण्याआधी वाळे, मनगट्या, करगोटा काढावा. चिकटलेले कापड ओढू नये. उरलेले अंग कोरडे आणि पांघरलेले ठेवावे. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांनी जखम झाकली जाते आणि तिची खोली डॉक्टरांना कळत नाही. नंतर स्वच्छ कापड गुंडाळून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रिय भाजले असेल, तर जखम लहान दिसली तरी रुग्णालय गाठावे.

प्रतिबंधाचे उपाय स्वस्त आहेत: चुलीला ओटा, मोरीला कडी, शेकोटीवर निजण्यापूर्वी पाणी, रॉड पाण्यात असेतो खोलीला कुलूप. वैद्यकांनी त्यांत एका कामाची भर घालावी. बाळाच्या लसीकरणाच्या दिवशी आशा आणि अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्येक आईशी विस्तवाच्या जागेबद्दल बोलले जावे, आणि तोडणीला निघणाऱ्या कुटुंबांशी ते निघण्यापूर्वी. मूल रांगू लागण्याआधी हे बोलणे झाले पाहिजे.