रंगाखालचा धातू
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



तांबटांच्या मेळाव्यात विमानाचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. स्टेनलेस स्टीलने घरोघरची तांब्यापितळेची भांडी हटविली आणि त्याबरोबर आपली विद्याही निरुपयोगी झाली, असे आपणांपैकी पुष्कळजण मानतात. ही समजूत खरी नाही, एवढेच एका लहानशा उदाहरणाने दाखविण्याचा आमचा हेतू आहे.

घरी विमान बांधण्याचा छंद अमेरिकेत फार वाढला. तेथे १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी मंडळींची संघटना स्थापन केली. आपल्याकडे कांदिवलीस इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक श्री. अमोल यादव यांच्या विमानास २०१७ साली सरकारी नोंदणी मिळाली. अशी कित्येक विमाने ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची असतात. वर्षानुवर्षे खपून विमान उभे राहते, त्यावर सुरेख रंग चढतो आणि मग कधी कधी त्यावर नवा ॲन्टेना बसविण्याची वेळ येते.

वैमानिकाच्या संभाषणाचा ॲन्टेना म्हणजे सुमारे ५९ सेंटिमीटर उंचीचा दांडा, म्हणजेच लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा. परंतु एका हाताने टाळी वाजत नाही. दांडा हा ॲन्टेनाचा अर्धाच भाग असून उरलेला अर्धा भाग म्हणजे त्याखालचा विमानाचा पत्रा होय. दोहोंचा विद्युत्संबंध निर्वेध हवा. रंग तर विजेला अडवितो आणि आतल्या बाजूचा गंजरोधक लेपही बहुधा अडवितोच. रंगावर तसाच ॲन्टेना आवळला, तर धावपट्टीवर, नियंत्रण मनोऱ्याच्या शेजारी, सारे ठीक वाटेल. दूर गेल्यावर मात्र वैमानिकाचा आवाज विरून जाईल. ढग दाटलेले असता तो आवाज न पोहोचणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

म्हणून जीव कितीही हळहळला तरी नवा रंग खरवडावा लागतो. मात्र तो बैठकीपुरताच. काहीजण बाहेरील रंग राखून आतल्या बाजूस पत्रा उघडा करतात आणि तेथे बसविलेल्या आधारपट्टीतून व स्क्रूंतून संबंध साधतात. आधारपट्टी तर कोणत्याही रीतीत असावीच. नाहीतर वाऱ्याच्या रेट्याने व कंपनाने पातळ पत्र्यास तडा जातो. खरवडण्यास लोखंडी काथ्या वापरू नये. त्याचे कण ॲल्युमिनियमात रुतून गंज ओढवतात. उघड्या धातूवर वीज जाऊ देणारा रासायनिक संरक्षक थर द्यावा, ॲन्टेना बसवावा आणि मग बैठकीच्या कडेने लांबी भरून पाणी रोखावे. जोडाचा रोध ओहमच्या काही हजारांश भागांपलीकडे जाता कामा नये. तो साध्या मीटरने कळत नाही. त्यास सूक्ष्म रोध मोजणारे यंत्र लागते. तांब्याचा तुकडा मात्र ॲल्युमिनियमला उघडा भिडवू नये. ओलाव्यात या दोघांचे पटत नाही आणि झिजते ते ॲल्युमिनियम.

विमान फायबरग्लासचे असेल तर खाली पत्राच नसतो. तेथे तांब्याच्या पट्ट्यांनी ती उणीव भरून काढता येते. १९७५ साली उडालेल्या बर्ट रुटान यांच्या व्हॅरीईझ विमानाच्या अंगात तांब्याच्या पट्टीचेच ॲन्टेना दडविलेले असत. आपला तांबा असा आकाशात गेला आहे!

आता कल्हई आठवा. भांडे घासून लख्ख केले, तापविले, नवसागर टाकला, तरच कथील धरते; मळावर कथील टिकत नाही. धातूला धातू भिडावयाचा तर मधला पडदा दूर झाला पाहिजे, हे आपल्या वाडवडिलांच्या हातांना ठाऊक होते. विमानाचा कारागीर तेच तत्त्व पाळतो. फरक एवढाच, की तो मोजतो आणि नोंद ठेवतो. हे मोजणे व नोंदणे आपण शिकले पाहिजे. हात तर आपल्यापाशी आहेतच.

म्हणून मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी निदान एका मुलास अथवा मुलीस विमान-दुरुस्तीच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळावे, अशी आमची सूचना आहे. झळकणारा रंग जग पाहते. परंतु त्याखालचा जोड पक्का असेल, तरच वर गेलेल्या माणसाचा शब्द खाली पोहोचतो. तो जोड करणारे हात आपल्या ज्ञातीतून निपजोत, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.