लोकलचं दार आणि मीझान



डिझाइन म्हणजे काय, हे घाटकोपरच्या फलाटावर कळतं. लोकलची दारं उघडी असतात, त्यामुळे चढ-उतार झटपट होते, हवा खेळते, गाडी अर्ध्या मिनिटात सुटते. किंमत? दारात लटकणारा माणूस. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याच्या वळणावर ती आपण पाहिली.

मग दारं बंद करा? 25 डिसेंबर 2017 पासून पश्चिम रेल्वेवर एसी लोकल धावते. दारं आपोआप मिटतात. पण तिकीट महाग, आणि गर्दीत दार लागेपर्यंत गाडी खोळंबते. साध्या डब्याला नुसतं दार लावलं, तर आतले गुदमरतील. म्हणून मुंब्र्यानंतर रेल्वेने मांडलेल्या आराखड्यात तीन गोष्टी एकत्र आहेत: दारांना झडपा, छतावरून ताजी हवा आणि डब्यातून डब्यात जायला वाट, म्हणजे गर्दी पांगेल.

रॉकेट असो वा कॅमेरा, एक मिळवायला दुसरं सोडावं लागतं. सूरह रहमानमध्ये मीझानचा, तराजूचा उल्लेख आहे. उद्या इंजिनीअर व्हाल तेव्हा वजन, वेग, पैसा जरूर तोला. पण लटकणाऱ्याचा जीव कुठल्या पारड्यात ठेवलाय, हे आधी विचारा. इंजिनीअर न होणाऱ्यांनीही विचारा. तिकीट आपण सगळेच काढतो.