बिल्ल्यावरचं अक्षर



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल चार शब्द बोलायचे आहेत. सॉफ्टवेअरबद्दल बोलले तर जेवणाआधीच तुम्ही पेंगाल, म्हणून तुम्ही लावलेल्या बिल्ल्यांबद्दल बोलते. ते मी केलेत.

त्यावरचं गुबगुबीत, गोलसर अक्षर म्हणजे 'बालू' हा फॉन्ट. मुंबईच्या 'एक टाइप'ने तो 2016 साली आणला. देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी यांची. देवनागरी धरून नऊ भारतीय लिप्यांमध्ये ही भावंडं आहेत आणि त्यांची नावंही तशीच: गुजरातीत 'बालू भाई', गुरुमुखीत 'बालू पाजी', बांगलात 'बालू दा', मल्याळममध्ये 'बालू चेट्टन'. आपला मात्र नुसताच बालू. घरच्याला कोण भाऊसाहेब म्हणतं?

इंग्रजी अक्षर जाड करणं त्यामानाने सोपं. आपल्याकडे वर शिरोरेषा, तिच्या डोक्यावर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरांची दाटी. रेघ फुगवली की 'क्ष', 'ज्ञ'च्या पोटातली जागा बुजते. आधी मी बिल्ले याच मंडळींच्या 'मोदक' फॉन्टमध्ये केले होते. तो आणखी लठ्ठ, अक्षराच्या पोटात बारीक चीर तेवढी उरते. मोठ्या फलकावर देखणा दिसतो. पण बिल्ल्याएवढा केला तर मला चष्म्याशिवाय माझंच नाव वाचता येईना. आपल्या सगळ्यांची वयं लक्षात घेऊन बालूवर आले.

फाटकावरची कमानही बालूतच आहे. पाचगणीच्या धुक्यात बारीक अक्षर दहा पावलांवर विरून जातं. चित्रकलेच्या सरांना हे फॉन्टशिवाय ठाऊक होतं. स्नेहसंमेलनासाठी ते थर्माकोलची अक्षरं ब्लेडने कापायचे, अशीच जाड, कोपरे घासून गोल केलेली. बारीक काढली तर लावताना मोडायची. आता हा फॉन्ट फुकट, मुक्त परवान्याचा आणि युनिकोडमधला. शाळेच्या संगणकावर मी तो घालून ठेवलाय, बिनधास्त वापरा.

पण एका ठिकाणी नको. दाराशी आपल्यातून गेलेल्यांचा फलक आहे. छापायला वाईला पाठवण्याआधी त्याचा नमुना समितीच्या गटावर आला, तोही बालूत. तिसऱ्या ओळीत सरांचं नाव, गुटगुटीत, हसरं. मी लिहिलं, हे बदलूया. उत्तर आलं, "फॉन्टच तर आहे. सगळं एकसारखं नको का?" वाद घालण्यात अर्थ नव्हता. तोच मजकूर 'मुक्ता' या साध्या अक्षरात लावला आणि दोन्ही नमुने शेजारी शेजारी टाकले. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग बाईंचा एका शब्दाचा निरोप आला, "दुसरा."

सरांना स्वतःला बालू चालला असता, हसलेच असते ते. पण आज त्यांच्या घरची माणसं इथे आली आहेत. त्या फलकावर त्यांना आधी नाव दिसायला हवं होतं.

असो. ज्यांच्या बिल्ल्यावर ऱ्हस्वदीर्घ चुकलंय त्यांनी जेवणानंतर मला भेटा. मराठीच्या बाईंनी दोन चुका आधीच काढल्या आहेत.