कोहमाऱ्याच्या फाट्यावर कुकरची शिट्टी

मी ट्रक चालवतो, बावीस वर्षं झाली. पॉडकास्टवाल्या पोरांनी फोन केला, "दादा, गाडीवर स्वयंपाक कसा करता ते सांगा." मी म्हटलं, यात काय सांगायचं बाप्पा? डाळ, तांदूळ, पाणी, झालं. मग आठवलं, एक गोष्ट सांगायची राहूनच गेली आहे. ती मी घरीसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही.

आधी जागा सांगतो. कोहमारा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यातला फाटा. नागपूर-रायपूर हायवे इथून जातो. त्याचा जुना नंबर 6, आता 53, पण आमच्या तोंडी अजून 'सहा नंबर'च आहे. उत्तरेला रस्ता गोंदियाला जातो, दक्षिणेला नवेगावबांधकडे. चारी बाजूच्या गाड्या इथे थांबतात, मीही थांबतो.

आता तुम्ही म्हणाल, ढाबे असताना स्वतः कशाला रांधायचं? रोज दोन वेळा ढाब्यावर खाल्लं तर खिसा आणि पोट, दोन्ही बोलायला लागतात. तेल-तिखट खाऊन स्टीअरिंगवर बसलं की छाती जळते, आणि जड जेवणावर झोपही येते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर ढाबेच बंद झाले. धान्याच्या, औषधांच्या गाड्या मात्र चालूच होत्या. तेव्हा ज्याच्याजवळ स्टोव्ह होता, तो जेवला.

माझी पद्धत साधी आहे. सकाळी चहाला थांबलो की डब्यात तुरीची डाळ भिजत घालतो. जेवणाच्या ठिकाणी पोचेपर्यंत ती फुगते, मग गॅस कमी लागतो. कुकरमध्ये खाली डाळ, वरच्या डब्यात तांदूळ. आमचा जिल्हा धानाचा, त्यामुळे तांदूळ घरचाच. कुकर होईपर्यंत कांदा, भेदरं, सांभार चिरून ठेवायचं. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, भेदरं म्हणजे टोमॅटो आणि सांभार म्हणजे कोथिंबीर. घाई असेल तर चून करतो, तुमचं पिठलं. पोळ्या ढाब्यावरून घेतो. अर्ध्या तासात जेवण तयार.

अर्धा तास मुद्दाम म्हटलं. 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, 2025 पर्यंत. पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती, असं त्यात लिहिलं होतं. प्रत्यक्षात मालाची घाई असते, तो अर्धा तास कुणी आणून देत नाही. कुकर लावला की तो आपोआप मिळतो. शिट्टी झाल्याशिवाय गाडी हलत नाही.

उन्हाळ्यात एक लक्षात ठेवा. सकाळचा भात केबिनच्या गरमीत ठेवून संध्याकाळी खाऊ नका. पुन्हा गरम केला तरी खराब झालेला भात सुधरत नाही. त्यातलं विष आचेनं जात नाही.

आता ती गोष्ट. काही वर्षांपूर्वीची, डिसेंबरची रात्र. कोहमाऱ्याच्या पुढे गाडी उभी होती, धुकं इतकं की समोरचा बोनेट दिसेना. सोबत क्लीनर पोरगा, जेमतेम वीस वर्षांचा. त्या दिवशी गॅस संपला होता, म्हणून आम्ही कोळशाच्या सिगडीवर रांधलं, बाहेरच. जेवलो. निखारे लाल होते. पोरगा म्हणाला, "उस्ताद, सिगडी आत घेऊ का? लय थंडी आहे." मी म्हटलं, घे. काच बोटभर उघडी ठेवली आणि झोपलो. घरून फोन आला होता, "जेवलात का?" म्हणून. मी म्हटलं, जेवलो, आता मस्त ऊब आहे.

रात्री लघवीला जाग आली. डोकं फुटेल असं दुखत होतं. पाय खाली टाकला तर पायात जीवच नाही. कसंबसं दार उघडलं आणि खाली पडलो. गार हवेत थोडं भान आलं, तेव्हा पोराला हाका मारल्या. उत्तर नाही. त्याला ओढून खाली काढलं, तोंडावर पाणी मारलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तो ओकला. ओकणारं माणूस पाहून मी आयुष्यात तेव्हाच खूश झालो असेन.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. बोटभर काच उघडी ठेवून काही होत नाही. "तुम्हाला लघवी लागली म्हणून दोघं वाचलात," असं ते म्हणाले.

तेव्हापासून माझे नियम ठरले. केबिनमध्ये आग नाही, निखारा नाही, मग बाहेर बर्फ पडो. पाच किलोचं सिलिंडर वापरतो, तेही खाली उतरून, मोकळ्यावर. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की केबिनच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. पेट्रोल पंपाजवळ किंवा टँकरशेजारी चूल नाही. आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यात तर नाहीच. तिथे जनावरं रस्ता ओलांडतात, आणि उन्हाळ्यात वाळल्या पाल्याला पेटायला वेळ लागत नाही. थंडीला दोन ब्लँकेटं जास्त घ्या, स्वस्त पडतात.

तो पोरगा आता स्वतः ड्रायव्हर आहे. कधी फाट्यावर भेटला की त्याचा कुकर आधी लागलेला असतो. म्हणतो, "उस्ताद, बसा, वरण झालंच."

तुमच्या घरचं कुणी गाडीवर असेल तर "जेवलात का" सोबत "सिगडी कुठे ठेवली" एवढंही विचारा. माझ्या घरी हे ऐकलं की आज फोन येणारच आहे. ऐकून घेईन. चला, शिट्टी झाली.