एका रोबोचं डोकं, दुसऱ्या देशाचे पाय
इटलीतल्या जिनोआ शहरात आयकब नावाचा रोबो आहे. उंची 104 सेंटिमीटर, लहान पोराएवढी. मूल वस्तू हाताळत कसं शिकतं, हे समजायला तो बनवला. 2004 साली युरोपीय संघाच्या पैशातून काम सुरू झालं. डोक्याचा आराखडा पोर्तुगालचा, पायांचा इंग्लंडचा. आराखडे सगळ्यांना खुले. सुधारून पुढे दिले, तर सुधारणाही खुलीच ठेवायची. म्हणून वीसहून जास्त प्रयोगशाळांत तो पोचला.

आम्ही बायका बियाणं असंच देतो-घेतो. ज्ञान कुलपात गेलं, की गरज असणारा बाहेर राहतो. म्हणून बचत गटासाठी यंत्र घेताना आधी विचारू या: बिघडलं तर ते उघडून गावातच दुरुस्त करता येईल का?